फळ्याला झेंडूचा हार

“बोट लावायचं, बस्स! बाकीचं सारं फळाच करते!”

शाळेत डिजिटल फळा आल्यापासून नरहरी सरांनी हे वाक्य इतक्या जणांना ऐकवलं होतं, की रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातला भाजीवालासुद्धा त्यांना लांबून पाहिलं की स्वतःचं बोट वर करून दाखवायचा. सर मराठीचे शिक्षक. नवा रायपूरला जाऊन प्रशिक्षण घेऊन आले आणि मुख्याध्यापिका विनीता मॅडमनी त्यांना शाळेचे ‘डिजिटल प्रमुख’ नेमून टाकलं. बाकीचे शिक्षक प्रशिक्षणाच्या दिवशी एकजात आजारी पडले होते, हे त्यामागचं खरं कारण. पण ते सरांना कोण सांगणार!

फळा होताच तसा. पलंगाएवढा, काळाभोर, काचेचा! फोन त्याला जोडला की फोनवरचं सगळं फळ्यावर मोठं होऊन दिसायचं, आणि फळ्यावर बोट लावलं की ते थेट फोनला लागायचं. शिकवणाऱ्या इंजिनिअरनं एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. “सर, उंगली हो, पेन हो, डस्टर हो, काँच के पास कुछ भी आया तो ये समझेगा कि आपने छू दिया.”

“हव भैया, समजलं,” म्हणून सरांनी मान डोलावली होती. न समजता मान डोलावण्याची त्यांची सवय जुनीच.

ही सगळी ऐट शाळेत. पुरानी बस्तीतल्या घरी कुलूप उघडलं की सर निम्मे व्हायचे. मंदाकिनीबाई दिवाळी आटोपून लेकीच्या, क्षमाच्या, बाळंतपणाला हैदराबादला गेल्या होत्या. नातू झाला, त्याचं ओजस असं नाव ठेवून झालं, तो रांगायलाही लागला, तरी बाईंचा मुक्काम तिकडेच. कारण निघताना स्टेशनवर दोघांचं जुंपलं होतं.

“माझ्यावाचून तुमचं पान हलणार नाही, पाहून घ्या!”

“राह्य तू पाहिजे तितके दिवस! मले काय फरक पडते?”

“असं? मग तुम्ही स्वतः फोन करून ‘ये’ म्हणाल, तवाच येईन मी!”

गाडी सुटली, आणि दोघांचा हट्ट मागे उरला.

रोज संध्याकाळी बाई व्हिडिओ कॉल करायच्या. सर उचलायचे, फोन कानाला लावायचे आणि बाईंना यांचा कान दिसायचा. “कसं चालू आहे?” “मस्त!” “जेवले काय?” “तर! भरल्या वांग्याची भाजी केली होती.” खरं तर ताटात दही आणि पोहे असायचे. वांग्यांचा प्रयोग एकदा झाला होता, त्यानंतर ती कढईच फेकावी लागली. शर्टाच्या गुंड्या गळत चालल्या होत्या. शाळेतून आल्यावर सर सवयीनं “अगं, ऐकलं काय आज?” म्हणून सुरुवात करायचे आणि मग पुढची हकिकत फ्रिजला सांगायचे. खिडकीत तिची खोबरेल तेलाची अर्धी बाटली होती. सर तिच्यावरची धूळ पुसून ती होती तिथेच ठेवायचे. तिची आठवण यायची म्हणजे कधीही यायची, दूध उतू जाताना तर सगळ्यात जास्त. तिनं परत यावं याखेरीज त्यांना दुसरं काहीही नको होतं. पण ‘ये’ हे एक अक्षर काही तोंडातून निघत नव्हतं. उभा जन्म मराठी शिकवण्यात गेलेल्या माणसाची ही तऱ्हा!

तर फळ्याच्या उद्घाटनाचा दिवस उजाडला. पाहुणे होते संस्थेचे अध्यक्ष श्यामराव. रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढरेशुभ्र, भारदस्त. रायपुरातल्या मराठी मंडळींत कुणीही गेलं की शोकसभेत भाषण श्यामरावांचंच. आवाज असा लावायचे, की गेलेल्याशी ज्याचं आयुष्यभर भांडण तोही रुमाल काढायचा. इथल्या मराठी माणसाला मरणाची भीती नव्हती, त्यानंतरच्या श्यामरावांच्या भाषणाची होती!

“सर, पूजा के बिना कैसे सुरू करणार?” विनीता मॅडम म्हणाल्या. बरोबरच होतं. नवी स्कूटर असो की फ्रिज, हळदीकुंकू लागल्याशिवाय आपल्याकडे कोणतंही यंत्र कामाला लागत नाही. पायरीवर नारळ फुटला. फळ्याच्या चौकटीला हळदीकुंकू लागलं. आणि श्यामरावांनी झेंडूचा एक भलाजाड हार फळ्याच्या दोन्ही कोपऱ्यांना अडकवून मधोमध झुलता सोडला.

“सरस्वतीच आहे ती!” सर गहिवरून म्हणाले. इंजिनिअरचं वाक्य या वेळी त्यांच्या डोक्यात कुठेही नव्हतं.

सरांनी फळ्याला जोडलेला फोन खडूच्या डब्याला टेकवून टेबलावर उभा केला, तोंड वर्गाकडे, सगळ्यांना दिसावा म्हणून. धडा होता ‘माझे घर’. वर्गातली पोरं सगळी मराठी घरांतली. मराठी समजायची, पण उत्तर यायचं हिंदीत. फळ्यावर म्हाताऱ्या बाईचं चित्र आलं.

“हे कोण?”

“दादी!” पहिल्या बाकावरची यामिनी ओरडली.

“आजी म्हण, पोट्टे!”

“हव सर. दादी.”

श्यामरावांना उकडू लागलं. मॅडमनी पंखा पूर्ण सोडला. हार हलू लागला. एक झेंडू काचेला टेकला आणि आजी गेली, स्वयंपाकघर आलं. दुसरा टेकला, स्वयंपाकघर गेलं, अंगण आलं. मग अंगण, विहीर, गोठा, मांजर असं सगळं घरच धावत सुटलं!

“फळा थोडा लाजून राहिला, पाहुणे आहेत ना!” असं म्हणत सर काचेवर बोटं आपटू लागले. पण त्यांचं एक बोट, तर हाराची दहा! धडा बंद झाला. फोन उघडला. सरांच्या मेसेजांची यादी उघडली. आणि वाऱ्याच्या एका झोताबरोबर सगळ्यांत वरच्या नावाशेजारचा गोल फोटो टिचकी मारल्यासारखा मोठा झाला.

मंदाकिनीबाई! क्षमाच्या लग्नातला फोटो. हिरवा शालू, मोठं कुंकू, दिलखुलास हसू. दोन्ही बाजूंनी झेंडूचा हार.



हार घातलेला फोटो म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. यामिनीनं हात जोडले. तिचं पाहून सगळ्या वर्गानं जोडले. विनीता मॅडमनी तोंडाला पदर लावला. “तरीच! तरीच सर इतने दुबले हो गए! और हमसे रोज बोलते रहे, मस्त चल रहा है!” श्यामराव तर तोवर उभेसुद्धा राहिले होते. आवाजही लागला होता.

“बंधूंनो आणि भगिनींनो! काळानं आज आपल्यातून एक सुगृहिणी हिरावून नेली...”

“अहो श्यामरावजी, नाही! ती हैदराबादले आहे! चांगली धडधाकट आहे!”

श्यामरावांनी सरांना छातीशी ओढून धरलं. “नरहरी, मनाला फसवू नका. माझा अनुभव दांडगा आहे. पहिले काही दिवस सगळे असंच म्हणतात.”

“पण मी कालच बोललो तिच्याशी!”

“बोलत जा,” श्यामराव त्यांची पाठ थोपटत म्हणाले, “मन मोकळं होतं. आता आपण मौन पाळू या.”

सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. पंख्याची घरघर तेवढी राहिली.

श्यामरावांच्या मिठीतून सुटून सर टेबलामागच्या स्टुलावर बसले. आता हे कसं निस्तरायचं याचा विचार करायला म्हणून बसले होते, पण नजर फळ्यावर गेली. मंदा इतकी मोठी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. डोळ्यांशेजारच्या बारीक रेघासुद्धा दिसत होत्या. आणि भोवती तो हार. खरंच असं झालं असतं तर? ती तिकडे, आपण इकडे, आणि मधे आपला मेला हट्ट! सकाळचा चहा एकट्यानं पिण्यात इतके दिवस कशासाठी घालवले आपण? सरांचा बांध फुटला. टेबलावर डोकं ठेवून डिजिटल प्रमुख हमसून हमसून रडू लागले.

फोटोखाली एक बारकं कॅमेऱ्याचं चित्र होतं. झेंडूनं तेही सोडलं नाही.

मौनात घंटी खणखणू लागली. फोटो हलला. हिरवा शालू जाऊन गाउन आला, कडेवर ओजस आला आणि हारातून मंदाकिनीबाई बोलल्या, “हॅलो?”

मागच्या बाकावरचे दोघे किंचाळून बाकाखाली गेले. विनीता मॅडम “हे राम!” म्हणून खुर्चीत कोसळल्या. श्यामराव मात्र मौन मोडायचं नाही म्हणून डोळे मिटूनच उभे.

आता बाईंना काय दिसत होतं, तेही लक्षात घ्या. नवऱ्याच्या फोनवरून, कधी नव्हे तो, भरदुपारी कॉल. समोर नवऱ्याची शाळा, माना खाली घालून उभी असलेली पोरं, आणि मधोमध हात जोडलेले श्यामराव! नवरा कुठेच नाही, तो बिचारा फोनच्या मागे होता.

“श्यामरावजी...” बाईंचा आवाज चिरकला. “तुम्ही काहून उभे आहात? हे कुठे आहेत? अहो बोला ना कोणी! काय झालं ह्यांले? हे देवा! एकदा ‘ये’ म्हटलं असतं, तर मी पळत आली असती हो! काय करू मी त्या भांडणाले आता!”

ओजसनंही सूर लावला. तेवढ्यात, जिनं वर्षभर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हिंदीत दिलं होतं ती यामिनी बाकावर चढली आणि फळ्याकडे पाहून स्वच्छ म्हणाली, “काकू, सर आहेत! सर टेबलामागं रडून राहिले!”

पहिलं पूर्ण मराठी वाक्य! पण त्याचं कौतुक करायला सर जागेवर होते कुठे! ते धडपडत फोनसमोर आले. नाक लाल, चष्मा कपाळावर, शर्टाची उरलीसुरली गुंडीही तुटलेली.

“मंदा, आहे मी. मेलो नाही.”

बाईंनी त्यांना आधी नीट निरखून पाहिलं आणि मग त्या भडकल्या. “मग फोन कशाले केला असा? जीव गेला ना माझा!”

सरांच्या ओठांवर आलंच होतं, की फोन मी केला नाही, हारानं केला. ते म्हटलं असतं तर हट्ट शाबूत राहिला असता. त्यांनी एकदा हाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“ये आता,” ते म्हणाले. “माझ्याच्यानं होत नाही. घर खायला उठते. तू ये.”

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या आवाजानं श्यामरावांनी डोळे उघडले, फळ्यावर बोलत्याचालत्या मंदाकिनीबाई पाहिल्या आणि तयार झालेलं सगळं भाषण गिळून मटकन खाली बसले.

बाई आल्या. स्टेशनवर सर मोठ्या हौसेनं झेंडूचा हार घेऊन उभे होते. “आधी तो फेका!” असं बाई गाडीच्या दारातूनच ओरडल्या. तो हार शेवटी हमालाच्या गळ्यात गेला.

रात्री ताटात खरी भरली वांगी पडली. नव्या कढईतली. दोन घास पोटात गेल्यावर सरांना धीर आला, आणि धीर आल्याबरोबर जुना हट्टही हळूच परत आला.

“खरं सांगू, मंदा? तो फोन मी केलाच नव्हता. हारानं केला. म्हणजे नियमानं पाहिलं, तर मी फोन न करताच तू आली!”

मंदाकिनीबाईंनी शांतपणे आणखी एक वांगं वाढलं.

“मले तवाच समजलं होतं. ते कॅमेऱ्याचं बटन कुठे असते, हे तरी माहीत आहे काय तुम्हाले?”

डिजिटल प्रमुखांनी मान डोलावली.

“दाखवा,” म्हणून बाईंनी फोन पुढे केला.

सरांनी वांगं खायला घेतलं.