एका रजेत दोन ऑपरेशनं

जमालुद्दीन परकारांचं गणित आयुष्यात कधी चुकलं नव्हतं, असं निदान त्यांचं स्वतःचं मत होतं. रियाधजवळच्या अल सुलैमध्ये ते एका गोदामाचा कारभार बघत. कुठली पेटी आधी चढवली म्हणजे ट्रकमध्ये बोटभर जागा वाया जात नाही, हे त्यांना लांबून बघून सांगता यायचं. त्यामुळे बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि कफीलने, म्हणजे तिथल्या अरब मालकाने, महिन्याची रजा दिली, तेव्हा जमालभाईंनी ती रजासुद्धा ट्रक भरावा तशी भरायला घेतली.

बदरुन्निसाच्या हृदयाची एक झडप लहानपणच्या तापाने निकामी झाली होती. जानेवारीच्या सुरुवातीला सरकारी हॉस्पिटलात ती बदलायची होती. दिवस वाईट होते. कुवेत सोडायला इराकला दिलेली मुदत महिन्याच्या मध्यावर संपत होती आणि त्यानंतर काय होणार हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. हॉस्पिटलात आधीच बोलणं झालं होतं, की मुदत संपायच्या आत खाटा रिकाम्या करायच्या, पुढे जखमी येतील.

तिथले सर्जन डॉक्टर उदय साताऱ्याचे. त्यांनी बदरुन्निसाचे कागद बघितले आणि मग मान वर करून जमालभाईंकडे बघितलं. बघायला पुष्कळ होतं. गोदामाच्या काट्यावर जमालभाई उभे राहिले की काटा पार पलीकडे जाऊन टेकायचा.

"बायकोचं हृदय आम्ही दुरुस्त करू," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचं हे वजन, ही साखर. तिच्याआधी तुम्हीच जाल. मग तिच्याकडे कोण बघणार?"

हा प्रश्न जमालभाईंच्या जिव्हारी लागला. त्यांचे अब्बा असेच जेवता जेवता गेले होते, पानात अर्धा भात ठेवून. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांसमोर योजना घेऊन हजर झाले. पोटाला आतून चाप मारून ते लहान करायचं एक ऑपरेशन असतं म्हणे. ते आत्ताच उरकायचं. बदर वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात, ते खालच्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात. एकच हॉस्पिटल, एकच रजा.

"तिला आधी उभी राहू दे," डॉक्टर म्हणाले. "उन्हाळ्यात करू."

"उन्हाळ्यात रजा नाय, डॉक्टर. आणि मुदत संपल्यावर तुमच्याकडे खाट नाय."

"अहो, पण घरी दोघांना उचलणार कोण?"

"आम्हाला उचलायला कशाला कोण लागतंय? आम्ही चालती-फिरती माणसं."

जमालभाई रोज जाऊन दारात उभे राहिले आणि डॉक्टरांना जा-ये करायला तोच दरवाजा लागत होता. शेवटी डॉक्टरांनी हो म्हटलं आणि पोटाच्या सर्जनकडे शब्द टाकला.

योजनेत आणखी एक कलम होतं. कोणाला सांगायचं नाही. बदरला कळलं असतं तर तिने स्वतःचं ऑपरेशन थांबवलं असतं. आणि रियाधातल्या कोकणी मंडळींना कळलं असतं, तर जन्मभर हसू झालं असतं. खेड, दापोली, श्रीवर्धनच्या माणसांमध्ये जमालभाईंचं नाव होतं ते खाण्यासाठी. लग्नाच्या जेवणात त्यांच्यासमोर वड्यांची परात ठेवत आणि पोरं बघायला जमत. असा माणूस पोट शिवून घेतो म्हणजे काय?

बदरचं ऑपरेशन चांगलं झालं. ती शुद्धीवर आली, बोलायला लागली, तसं जमालभाईंनी तिला सांगितलं, की लढाईच्या भीतीने कंपनीचा माल लांब पश्चिमेला, डोंगरातल्या ताइफला हलवायचाय, कफीलने रजेतूनच बोलावलंय, आठवड्यात येतो. मुलगी शबनम खालच्या घरात मामाकडे राहील. मामा म्हणजे बदरचा धाकटा भाऊ हाशम, एसी दुरुस्त करणारा. बदरने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. छातीचं हाड करवतीने कापलेलं असताना नवरा ताइफला निघालाय, यावर तिने आणखी काय करावं?

जमालभाई लिफ्टने एक मजला खाली उतरले आणि पाठीमागून उघडा झगा घालून खाटेवर आडवे झाले.

पुढचा आठवडा त्यांनी नाकात नळी घालून छताकडे बघत काढला. वरच्या मजल्यावर बायको भेटीच्या वेळेला दाराकडे बघत पडली असेल, हे त्यांना खालून कळत होतं. हे एकच दुखणं योजनेत धरलेलं नव्हतं. त्यांच्या वॉर्डात मैमुना नावाची नर्स होती. महाडची, विधवा, बोलायला फटकळ आणि हाताने हलकी. बदरची विचारपूस करून ती रोज वरून खबर आणायची. जमालभाईंनी तिच्याकडून शपथ घेतली होती, की यातलं अक्षर वर पोचायचं नाही.

मग हॉस्पिटलने खाटा रिकाम्या केल्या. जमालभाईंना सकाळी घरी सोडलं आणि बदरला दुपारी. तिला आणायला ते गेले ते एका हाताने पोट धरून, वाकून. तिची पिशवी त्यांनी उचलली नाही, ती हाशमने घेतली. बदरने नवऱ्याचा पिवळा पडलेला चेहरा बघितला.

"ताइफची हवा चांगली असते बोलतात," ती म्हणाली.

"होय. थंडी होती."

"अत्तर नाय आणलंत?"

ताइफला गेलेला माणूस गुलाबाचं अत्तर घेतल्याशिवाय परत येत नाही. जमालभाईंना ते सुचलंच नव्हतं. ते उगाच खिसे चाचपायला लागले, आणि बदरच्या मनात पहिली पाल चुकचुकली. या माणसाला अत्तराचीही शुद्ध राहिली नाही, म्हणजे डॉक्टरांनी याला माझ्याबद्दल काहीतरी सांगितलंय.

मुदत संपली आणि दुसऱ्या पहाटे लढाई सुरू झाली. चार दिवसांनी रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागली. शाळा बंद, बाजार अर्धा बंद. हाशमने आतल्या खोलीच्या खिडकीला प्लास्टिक लावून चिकटपट्टीने हवा बंद केली. विषारी वायूच्या भीतीने ओले टॉवेल बादलीत घालून ठेवले. मास्क कोणाला मिळाले, कोणाला नाही. परकारांच्या घरी नव्हते.

पण लढाई असो की काही असो, आजाऱ्याच्या घरी डबा नेणं कोकणी माणूस सोडत नाही. सायरन थांबला की दाराची कडी वाजायची. मटण-वडे, सांदणं, बिर्याणी, खिमा. बदरला तेल-मीठ बंद, म्हणून सगळं ताट जमालभाईंपुढे यायचं. आणि जमालभाई, ज्यांच्या पोटात आता चहाच्या कपाएवढी जागा होती, ते ताट बाजूला सरकवायचे आणि चमच्याने पेज पीत बसायचे.

"दुल्हाभाय वडे खात नाय," हाशमने खाली जाऊन बायकोला सांगितलं, आणि आपलंही ताट बाजूला सारलं.

एकदा पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून जमालभाईंनी अर्धा वडा खाल्ला. मग ते घाईने न्हाणीघरात गेले आणि दार लावून घेतलं. आतून जे आवाज आले ते ओकारीचे होते, पण बाहेर बसलेल्या बायकांना ते हुंदके वाटले. एवढा मोठा पुरुष दार लावून रडतोय म्हटल्यावर कोणाला शंका राहणार? पुढच्या जुम्याला पाच-सहा जणी पांढऱ्या ओढण्या घेऊन आल्या आणि बदरच्या उशाशी बसून कुराणातली यासीन पढू लागल्या. यासीन आजाऱ्यासाठी पढतात. पण जी आजारी उठणार नाही असं वाटतं, तिच्यासाठी जरा जास्त पढतात. बदरला तेवढा फरक कळत होता.

त्यात मैमुना. ती दिवसाआड यायची, बदरचा रक्तदाब बघायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन जमालभाईंची जखम बघायची. बदरला पलंगावरून दिसायच्या त्या फक्त दोन पाठी, आणि ऐकू यायची कुजबुज. एके दिवशी तिने मैमुनाला जवळ बोलावलं आणि हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या काढून तिच्या हातात घातल्या.

"भाभी, हे काय?"

"राहू दे. माझ्या घराला तुझा हात लागलाय. मना बरं वाटेल."

मैमुनाला वाटलं, सेवेचं बक्षीस. आजारी माणसाला नाही म्हणू नये म्हणून तिने ठेवून घेतल्या. बदरने नवऱ्याला मात्र त्या संध्याकाळी विचारलं, मैमुना कशी वाटते? जमालभाईंना वाटलं, बिंग फुटलं. "कोण मैमुना?" असं ते म्हणाले. असं उत्तर ज्याच्या मनात काही असतं तोच देतो, हे बदरने ओळखलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिने जेवण कमी केलं. चालायचा व्यायाम सोडला. आल्यागेल्याला हात जोडून म्हणायची, माझं काय चुकलं-माकलं असेल तर माफ करा.

जमालभाईंना ती खंगताना दिसत होती आणि कारण कळत नव्हतं. त्यांना वाटायचं, झडप धरत नाहीये. या भीतीने त्यांना खरोखरच पेजही जाईना, आणि ते बघून बदर आणखी खचली. एकमेकांच्या तोंडाकडे बघत नवरा-बायको दोघंही झिजत चालली.

एके रात्री इशाची नमाज होते न होते तोच सायरन वाजला. मैमुना घरातच होती. ती आणि शबनम यांनी मिळून बदरला आतल्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर नेलं, उशीला टेकवून बसवलं. जमालभाई भिंत धरत आले आणि कसेबसे शेजारी खाली बसले. शबनमने दाराच्या फटीत टॉवेल कोंबले. मास्क एकच होता, मैमुनाला हॉस्पिटलने दिलेला. तिने तो काढून बदरच्या तोंडाला लावला.

बदरने तो शांतपणे काढला आणि शबनमच्या तोंडावर चढवला.

"अम्मी, आप पहनो ना."

"तू घाल. तुला अजून दुनिया बघायचीय. माझं काय राहिलंय?"

लांब कुठेतरी मोठा धडाका झाला. खिडकीचं प्लास्टिक आत फुगलं आणि पुन्हा बसलं. सगळी एकमेकांवर कलंडली. बदरची उशी सरकली आणि अभ्र्यातून छोट्या गुलाबी गोळ्या गादीवर सांडल्या.

मैमुनाने एक उचलून दिव्याकडे धरली. तिचा चेहरा बदलला. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या होत्या त्या. त्या घेतल्या नाहीत तर नव्या झडपेवर गुठळी धरते आणि माणूस बोलता बोलता जातो.

"भाभी, कधीपासून?"

"खलास झालेल्या माणसाला गोळ्या कशाला?" बदर म्हणाली. "लढाई चाललीय. दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडतील. मना सगळं कळलंय. हे जेवत नाय, दार लावून रडतात, तुमची दोघांची कुजबुज. माझी तक्रार नाय, मैमुना. फक्त शबनमला परकी मानू नको. आणि यांना रात्रीचं तळलेलं देऊ नको."

बाहेर लोकं वायूला भीत होती आणि इथे जमालभाईंची बायको त्यांच्याच थापेने मरायला निघाली होती. त्यांनी सदरा वर केला.

छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत ताजी लाल शिवण. बदरची शिवण छातीवर जिथे संपत होती, तिथून जणू यांची सुरू होत होती.

"पोट शिवून घेतलंय मी," ते म्हणाले. "बारीक व्हायला. तुझ्या खालच्याच मजल्यावर होतो. तुला काय नाय झालेलं, बदर. तू बरी आहेस. मना तुझ्या आधी मरायचं नव्हतं, म्हणून केलं."

शबनमने मास्क वर सरकवला. "मतलब आप ताइफ गये ही नहीं?"

बदरने त्या शिवणीवरून हळूच बोट फिरवलं. "म्हणजे मी मरत नाय."

"गोळ्या घेतल्यात तर नातवंडं बघाल, बोललेत डॉक्टर," मैमुना म्हणाली. मग तिला एकदम सगळा उलगडा झाला. तिने भराभर बांगड्या उतरवल्या आणि बदरच्या मांडीवर ठेवल्या. "ह्या घ्या आधी. भाभी, मी यांच्या नाकातली नळी काढलीय. लग्नाचा प्रश्नच नाय."

बदर हसायला गेली, छाती दुखली म्हणून थांबली आणि रडायला लागली. "मी रोज रात्री हिशेब करत होते, शबनमच्या वेण्या कोण घालील," ती म्हणाली. "आणि तुम्ही बारीक होत होतात." जमालभाईही रडले. या वेळी ते खरे हुंदके होते. मैमुनाने वेळ न घालवता बदरच्या तोंडात एक गोळी घातली, पाणी दिलं, आणि उजाडताच हॉस्पिटलात जाऊन रक्त तपासायचं, डॉक्टर उदय ओरडतील ते दोघांनी खाली मान घालून ऐकायचं, असं बजावलं.

धोका टळल्याचा भोंगा वाजला. जमालभाईंनी उठून बायकोला हात दिला. पोटात कळ आली आणि ते परत खाली बसले. मग बदरने त्यांना हात दिला. तिला तर कोपर टेकायचीही मनाई होती. शबनमने दोघांना ओढून बघितलं, मैमुनाने बघितलं. वजन अजून म्हणावं तेवढं उतरलं नव्हतं. शेवटी शबनम खाली जाऊन मामाला घेऊन आली.

हाशम दारात उभा राहिला. गादीवर बहीण, तिच्या मांडीवर बांगड्या, शेजारी सदरा वर केलेले दुल्हाभाई, दोघांचे डोळे लाल. बिचाऱ्याला काहीच कळलं नाही.

"आधी कोणाला उचलू?" त्याने विचारलं.

"आधी मना," बदरुन्निसा म्हणाली. "मना भूक लागलीय."