बाकड्यावरचा तपास

बालमित्रांनो, एका जंगलात पोलीस ठाणं होतं. यावरून ते जंगल किती सुधारलेलं होतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. फौजदार होता गवा. पण ठाणं चालायचं ते साळिंदर कारकुनाच्या आणि बाहेरच्या लांबलचक बाकड्याच्या जिवावर.

साळिंदराला दोनच वाक्यं यायची. "बसा जरा" आणि "उद्या या". एवढ्यावर त्याची नोकरी सुखात चालली होती.

एकदा पहाटे रानकोंबडीची अंडी चोरीला गेली. फौजदाराने तडक मुंगसाला कोठडीत टाकलं.

"पण साहेब, पुरावा?" साळिंदराने विचारलं.

"मुंगूस आहे की तो! आणखी काय पुरावा हवा? दिवस मावळला की नदीपार हाकल त्याला. मी महाराजांच्या वाढदिवसाच्या बंदोबस्ताला चाललोय. तपासाचं तेवढं तू उरकून टाक."

फौजदार गेला आणि मुंगसाची बायको धापा टाकत आली. पदरात नुकती जन्मलेली पिल्लं.

"दादा, मी पहाटेच बाळंत झाले. हे माझ्या उशाशीच होते हो! यांना हाकललंत तर लेकरांनी बाप कुठं शोधायचा?"

साळिंदर "उद्या या" म्हणणारच होता. पण उद्या मुंगूस इथे नसणार, हे आठवून त्याला कसंतरीच झालं.

आयुष्यातला पहिलाच तपास! पहाटे रानकोंबडीच्या घरावरून गेलेल्या तिघांना त्याने बोलावलं. ससा, मोर आणि उदमांजर. उदमांजर म्हणजे जंगलातली प्रतिष्ठित असामी. सगळे त्याला शेठ म्हणत. तिघं आले, पण त्यांना विचारायचं काय, हेच साळिंदराला सुचेना. म्हणून तो म्हणाला, "बसा जरा." आणि जेवायला गेला.

मुलांनो, आता सावरून बसा. इथे थरार आहे. साळिंदर जेवून आडवा झाला!

तो परतला तेव्हा उन्हं कलली होती. ससा बाकडं कुरतडत होता.

"अंडी मीच चोरली असं लिहा," ससा ओरडला, "पण घरी सोडा! सकाळपासून पोटात कण नाही."

"आधी माझं नाव लिहा," मोर म्हणाला. "मी जास्त उपाशी आहे."

उदमांजर तेवढं चक्क घोरत होतं.

साळिंदराचे काटे ताठ झाले. या बाकड्यावर इतकं सुखात कुणी बसल्याचं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने उदमांजराला हळूच हलवलं.

"शेठ, भूक लागली असेल. काही मागवू?"

"छे हो," डोळे न उघडता, ढेकर देत उदमांजर पुटपुटलं. "रानकोंबडीची अंडी फार जड."

ससा आणि मोर भूक विसरून नाचायला लागले. शेठची रवानगी कोठडीत झाली.

"आता यांना सोडा की, दादा," मुंगसाची बायको म्हणाली.

साळिंदर खुशीत होता. पण जिभेची सवय कुठे जाते?

"सुटकेचं काम ना? उद्या या."

ती पिल्लांना घेऊन बाकड्यावर बसली आणि तिने बाळंतपणाच्या डिंकाच्या लाडवांचा भला मोठा डबा उघडला.

"बसते मी. महिनाभर पुरतील एवढे आहेत."

साळिंदराला घाम फुटला. त्याने धावत जाऊन कोठडीचं कुलूप काढलं. मुंगूस बाहेर आला, पिल्लांना बिलगला, आणि मग त्यानेही एक लाडू घेतला.

तात्पर्य : ठाण्यात निर्दोष ठरायचं असेल तर उपाशी जावं. सुटून घरी यायचं असेल तर डबा घेऊन जावं.