परबांची बोली

जर्मनीत कुणी नमस्कार म्हणून 'गुटन टाग' म्हटलं की आमचे परब नाक मुरडतात. "हे शहरी. आमच्या तालुक्यात 'ग्रियास दी' म्हणायचं."

आमचा तालुका म्हणजे रेगेन्सबर्गबाहेरची बायर्नमधली, म्हणजे बव्हेरियातली, शेतं न् खेडी. परब मूळचे मालवणकडचे, इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, राहतात माझ्या वरच्या मजल्यावर. पण छंद एकच, या तालुक्यातल्या जुन्या शेतकरी कवींचा. माझे सासरे पुण्याहून किल्ला बघायला आले, तर यांनी त्यांना नेलं गोठ्यात. "अहो, इथं दूध काढता काढता अख्खं काव्य रचलंय. गेनाऊ, अगदी इथं!" सासरे बिचारे नाक दाबून वा वा करत होते.

मी एकदा म्हटलं, "परब, जरा मालवणीत बोला की." त्यांनी लगेच हवामानाचा विषय काढला. पुण्यात कॉलेजात मुलं त्यांच्या बोलीला हसली, तेव्हापासून ती बंद, हे मला वहिनींनी नंतर सांगितलं. घरीही पुस्तकी मराठी. आणि त्यांच्या लेकीला, बारा वर्षांच्या सईला, ती सगळी कळते, पण उत्तर देते जर्मनमध्ये. तेवढं एक त्यांना फार सलायचं.

गावच्या खानावळीत दर शरदात बोलीतल्या कवितांची संध्याकाळ असते. यंदा परबांचं नाव होतं. महिनाभर जिन्यात त्यांची बायरिश कविता ऐकून माझी पाठ झाली. सईला ओढूनताणून आणलेलं. परब उभे राहिले आणि पहिलीच ओळ विसरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या बाकावरून गावातल्या हूबर आजी म्हणाल्या, "राहू दे रे. तुझी आई काय म्हणायची, ते म्हण."

परबांनी टोपी काढली. आई अंगणात कोंबड्यांना हाका मारायची, तसे हाका मारू लागले, "कोंबयांनू, खंय चल्लात? तिनसांज झाली, घराक येवा." गावकऱ्यांना अक्षर कळलं नाही. टाळ्या मात्र कवितेला मिळाव्यात तशा मिळाल्या. सई बापाकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परब कामावर निघाले. वरून आवाज आला, "बाबा, खंय चल्लास?"

परब जिन्यातच खाली बसले. "कामाक जातंय गो," एवढंच कसंबसं म्हणाले. डबा मांडीवर, डोळे वाहतायत. त्यांची बस माझ्या खिडकीसमोरून निघून गेली. मी काही त्यांना उठवलं नाही.