तोटी असू दे

भागूकाकांच्या हातात पाण्याचा पेला आला की ते आधी तो खिडकीकडे धरायचे, एक डोळा मिटायचे आणि बराच वेळ बघत राहायचे. दुसऱ्याच्या घरीसुद्धा. मग म्हणायचे, "वैनी, हे पिंपातलं कालचं." ते खरंच कालचं असायचं.

काका भोईवाड्यात आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. गिरणीत साच्यावर कापड विणायचे. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे. सभेहून आल्यावर भाषण कसं झालं म्हणून विचारावं, तर सांगायचे, "पिंप भरलेलं होतं. पेला एकच."

"पण मुंबई मिळणार का, काका?"

"मिळंल. पाणी देणार कोण?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. लग्न असो, सहल असो, आधी हाच. मला त्याचा अर्थ कधी लागला नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा वीस मुलांची गडावर चार दिवसांची छावणी ठरली. तिथल्या टाक्यातलं पाणी हिरवं असतं म्हणे. माझे शेजारी पाण्यातले जाणकार आहेत, असं मी बोलून बसलो होतो. ठाकूरद्वारचा आपटे आमचा पुढारी. तो म्हणाला, "मग फिल्टर तूच आण." कॉलेजात मला कोणी काही काम सांगण्याची ती पहिलीच वेळ. चुकलं तर वीस पोटं बिघडणार आणि मला पुन्हा कोणी विचारणार नाही.

मी काकांना विचारलं आणि गोंधळ सुरू झाला. सकाळी म्हणाले, "धोतराची चार पदरी घडी. पुरे." संध्याकाळी म्हणाले, "फडकं जंतूला काय अडवणार? तो काय म्हैस आहे?" मग तुरटी. मग वाळू-कोळशाच्या मडक्यांची उतरंड. ती गडावर न्यायची कशी? "डोक्यावर." मग विहिरीत टाकतात ती लाल पावडर, जिने आईचा तांब्या जांभळा झाला आणि आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी सगळं वहीत उतरवत होतो. वही वाचली की प्रत्येक उपाय उत्तम होता आणि प्रत्येक वाईटही.

शेवटी मीच धीर करून ठरवलं. पाणी गाळायची चिनी मातीची कांडी बसवलेला डबा वर, खाली पातेलं, ओगराळ्याने वाढायचं.

"पाणी देणार कोण?"

"मी देईन की."

काकांनी माझ्या हातातली वही मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर ते मला पत्र्याचं काम करणाऱ्याकडे घेऊन गेले. पातेल्याऐवजी झाकणाचा डबा घेतला आणि त्याला पितळी तोटी बसवली. काकांनी ती इतक्या वेळा उघडबंद केली की कारागीर म्हणाला, "काका, तोटी आहे. पेटी नाही वाजवायची."

येताना मी विचारलं, "तोटीने पाणी जास्त स्वच्छ होतं का?"

"तोटीने काय व्हायचंय? तू वाढलंस तर एखादा घेणार नाही. दुसऱ्याने वाढलं तर तुला वरून ओतंल. गावात आम्ही विहिरीपाशी ओंजळ धरून बसायचो. कोणीतरी यायचं, वरून ओतायचं. येईल तेव्हा."

हे माझ्या वडिलांनीही मला कधी सांगितलं नव्हतं.

"काका, कॉलेजात आता तसं नसतं."

"नसंल. तोटी असू दे."

छावणीहून परत आलो तेव्हा काका गॅलरीतच उभे होते. पोट फक्त आपटेचं बिघडलं होतं, तेही करवंदांनी. पण ते त्यांनी विचारलंच नाही.

"पाणी कोणी दिलं?"

"कोणीच नाही. ज्याने त्याने घेतलं."

"तू?"

"मी पण. आपटेच्या मागे उभा राहून."

कॉलेजात तसं असतं की नसतं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. तोटीमुळे ते कळायची वेळच आली नाही.

मी घरातून तांब्या आणला आणि त्यांचा पेला भरला. काकांनी तो उजेडाकडे धरला नाही. एका दमात प्यायले.

"शिळं आहे," ते म्हणाले, आणि पेला पुन्हा माझ्यापुढे केला.