पंधरावी पट्टी

वजनमापे तपासणाऱ्या खात्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक दिवस घरातला साबण तपासावासा वाटला, तर त्याला दोष देता येणार नाही. दोष असलाच तर तो साबण त्याने कोणाच्या अंगावर तपासला, एवढाच.

झालं होतं असं, की तपासनीसांच्या बायकोच्या बोटांना पुरळ उठलं. ती हातघड्याळं दुरुस्त करायची आणि महिन्याभरात बाजारात तिचं स्वतःचं दुकान उघडायचं होतं. सुजलेल्या बोटांत मोहरीएवढा स्क्रू धरवेना. ती तक्रार करणारी नव्हे, पण दुकानाची पाटी रंगून आली तेव्हा तिने ती भिंतीकडे तोंड करून ठेवली. ते तपासनीसांच्या जिवाला फार लागलं.

"मी डॉक्टरांकडे जाऊन येते," ती म्हणाली.

"आधी पुरावा गोळा करू," तपासनीस म्हणाले. (पुराव्याशिवाय त्यांनी कधी भाजीवालीच्या तराजूवरही संशय घेतला नव्हता.)

शाम्पू, पावडर, दाढीचा फेस, भांड्यांचा साबण, फरशीचं औषध अशा चौदा वस्तू टेबलावर ओळीने लागल्या. प्रत्येकीचा थेंब कापसावर घेऊन त्यांनी तो चिकटपट्टीने स्वतःच्या पोटावर डकवला आणि वर पेनाने नंबर टाकला. बायकोचे आधीच एवढे हाल, तिच्यावर आणखी प्रयोग नकोत, असा उदात्त विचार त्यामागे होता.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या, तर जिकडेतिकडे लालभडक चौकोन.

"सगळेच चोर निघाले," तपासनीस खाजवत म्हणाले. चौदाही वस्तू पोत्यात भरून त्यांनी पोत्याला सील ठोकलं. घरात नुसत्या गरम पाण्याचं राज्य सुरू झालं. ताटं ओशट झाली, शर्टाची कॉलर बघवेना, आणि ऑफिसात शेजारी बसणाऱ्या कारकुनाने एकाएकी खिडकीजवळची जागा मागून घेतली. तपासनीस मात्र रोज तीन वेळा न चुकता बायकोच्या बोटांना गुलाबाच्या वासाचं महागडं क्रीम चोळत होते. ते त्यांनी स्वतः आणलं होतं. औषध समजून त्याला तपासणीतून सूटही दिली होती.

पुरळ वाढलं.

"आता उरली ती घड्याळंच," तपासनीस जड आवाजात म्हणाले. "हे त्या धातूचं काम. दुकानाचं आपण पुढच्या वर्षी बघू."

"पंधरा वर्षं हाताळतेय मी घड्याळं," बायको म्हणाली. "अहो, आता तुम्ही चप्पल घाला आणि मुकाट्याने माझ्याबरोबर चला."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बायकोच्या पाठीवर रीतसर पट्ट्या लावल्या, दोन दिवसांनी काढल्या, आणखी दोन दिवसांनी पाठ पुन्हा पाहिली. मग विचारलं, "हाताला काही वासाचं लावता का?"

बायकोने तपासनीसांकडे पाहिलं. तपासनीसांनी पंख्याकडे पाहिलं. बायकोने पिशवीतून क्रीमची डबी काढून टेबलावर ठेवली.

"धातूचं काही नाही. तुम्हाला सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी आहे. सुरुवात भांड्यांच्या साबणाने झाली असावी, पण टिकवून धरलं ते या क्रीमने. ते आजच बंद करा, साबण बिनवासाचा आणा, मी मलम देते. दुकान खुशाल उघडा."

बायकोच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. तपासनीसांनाही आनंद झाला, पण तपासाचं काय?

"मग माझे हे चौदा चौकोन?" त्यांनी शर्ट वर केला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला. "साबण असा नुसता बांधून ठेवायचा नसतो, आणि ॲलर्जी ज्याची त्याला असते. पण हे पंधरा आहेत. पंधरावी पट्टी कशाची?"

"कशाची नाही. तुकडा उरला होता, वाया कशाला घालवा म्हणून लावून टाकला."

"तीच सगळ्यांत लाल आहे. तुम्हाला चिकटपट्टी सोसत नाही."

तपासनीस असे हार मानणारे नव्हते. त्यांनी हट्ट धरून स्वतःचीही रीतसर तपासणी करून घेतली आणि निकाल लेखी मागितला. बाईंनी सही-शिक्क्यासह लिहून दिलं, की घरातल्या चौदाही वस्तू यांना बिनधोक चालतात.

दुकान ठरल्या दिवशी उघडलं. पहिल्याच घड्याळात बायकोने स्क्रू एका झटक्यात बसवला, तेव्हा तपासनीसांना भरून आलं. तिच्या हातांसाठी वाटेल ते करीन, असं ते भर दुकानात बोलून गेले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा डॉक्टरीणबाईंचा कागद चांगल्या काचेच्या फ्रेममध्ये, स्वयंपाकघरातल्या सिंकच्या वर टांगलेला होता.

"तुमचाच लेखी पुरावा," बायको म्हणाली आणि तिने त्यांच्या हातात भांडी घासायची घासणी दिली.