बोर्डाखालची पहिली पावती

पेंटरची शिडी मेहुण्याच्या बाल्कनीत होती आणि मेहुण्याशी पेंटरचं बोलणं नव्हतं. त्या दिवशी जे रामायण झालं त्याचं मूळ एवढंच.

मेहुण्याने ती दोन वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून नेली, बाल्कनीत आडवी टांगली आणि तिच्यावर कपडे वाळत घालायला सुरुवात केली. पेंटरने एकदा चारचौघांत त्यावरून टोमणा मारला आणि दोन्ही घरांत अबोला सुरू झाला. सकाळी निघताना बायको म्हणाली, "अहो, आधी माझ्या भावाकडून शिडी आणा, मग कामाला लागा." पेंटर म्हणाला की त्याने नेली, तोच आणून देईल. मग त्याने रंगांचे डबे स्कूटरला अडकवले आणि तो शिडीविना निघाला.

काम मात्र हातचं घालवण्यासारखं नव्हतं. फ्लेक्स आल्यापासून पेंटरचे ब्रश नुसते डब्यात उभे होते. ज्या दुकानांच्या पाट्या त्याने तीस वर्षं रंगवल्या, त्यांचे मालक आता त्याला दुरूनच हात दाखवत. अशात वाहतूक चौकीतल्या हवालदारबाईंनी त्याच्यासाठी साहेबांकडे शब्द टाकला होता. शहरातल्या चाळीस गल्ल्यांत वाहनं उभी न करण्याचे बोर्ड लागायचे होते आणि साहेबांचा कल छापील बोर्डांकडे होता. छापलेलं वर्षभरात उन्हाने पांढरं पडतं, हातचं टिकतं, हे बाईंनी तीनदा सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, एक नमुना भिंतीवर रंगवून दाखवा. चार वाजता येऊन बघतो. लोकांनी तो मानला तर उरलेले एकोणचाळीसही पेंटरचे.

बोर्ड उंचावर हवा होता, म्हणजे समोर ट्रक आला तरी दिसेल. पेंटरने स्कूटर भिंतीला लावली, स्टँडवर घेतली, सीटवर चढला आणि झकास काम केलं. 'येथे वाहने उभी करू नयेत.' काळंभोर, ठसठशीत अक्षर, मात्रा कशा माप घेऊन बेतल्यासारख्या. खाली एकच बारीक ओळ राहिली होती, 'वाहतूक पोलिसांच्या आदेशावरून'. ती लाल रंगात. पण पेंटरच्या उस्तादांची शिकवण अशी की मोठी अक्षरं लिहिलेल्या हाताने लगेच बारीक लिहू नये, अक्षर फुगतं. मध्ये एक चहा घ्यावा आणि हाताला मोठेपणा विसरू द्यावा. पेंटरने तीस वर्षांत हा नियम मोडला नव्हता. तो सीटवरून उतरला आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे रस्त्याकडे पाठ करून बसला.

तेवढ्यात गल्लीत एक मोटार आली. मालकाने बोर्ड वाचला, बोर्डाखालची स्कूटर पाहिली आणि गोंधळून वरच्या खिडकीकडे बघितलं. त्या खिडकीत कलमकाका बसलेले असत. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले हे गृहस्थ दुधाच्या पिशवीला भोक पडलं तरी कोणतं कलम लागतं ते सांगत, म्हणून त्यांना हे नाव. कलमकाकांनी चष्मा वर केला.

"खाली कोणाचा आदेश ते लिहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तो कायदा नाही. ती इच्छा आहे. आणि लिहिणाऱ्याची स्वतःची गाडी तिथेच आहे, म्हणजे त्यालाही ते मान्य आहे. लावा बिनधास्त."

मालकाने लावली. त्याची पाहून दुसऱ्याने लावली. इकडे चहावाल्याला आपल्या पाटीचा रंग उडाल्याचं दुःख सांगायचं होतं, त्यामुळे पेंटरचा एका चहाचा दीड तास झाला. तो परत आला तेव्हा बोर्डाखाली अकरा वाहनं होती आणि त्यांच्या मधोमध त्याची स्कूटर अशी अडकली होती की तिच्यापर्यंत पोचायला वाट उरली नव्हती. त्याने एकेकाच्या दारात जाऊन विनवण्या केल्या. सगळ्यांनी प्रेमाने ऐकलं आणि कलमकाकांकडे बोट दाखवलं.

दोन वाजता हवालदारबाई आल्या. त्यांनी नमुना बोर्ड पाहिला आणि त्याखालची जत्रा पाहिली.

"पेंटर," त्या म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी साहेबांशी भांडले हो."

पेंटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडा खाल्ला असता तर बरं वाटलं असतं. त्याने शेवटच्या ओळीचं आणि चहाचं सगळं सांगितलं. वरून कलमकाकांनी इच्छा आणि आदेश यांतला फरक पुन्हा एकदा समजावला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि त्या पावतीपुस्तक काढणार, इतक्यात एकाने हळूच विचारलं की मॅडम, माझ्या एका मित्राची शंका आहे. इंजिन चालू असेल तर गाडी उभी धरायची की चालू?

"जागची हलत नसेल तर उभी," बाई म्हणाल्या.

"आणि आत बायको बसली असेल तर? मित्राची."

"मग बायकोसकट उभी."

लोक हसले आणि बांध फुटला. पोलीस दिसले की आजवर जी गल्ली दारं लावून घ्यायची, ती सगळी खाली आली. प्रत्येकाकडे एक मित्र होता. एकाच्या मित्राला स्कूटरवर तिसरं माणूस लहान असेल तर चालतं का ते हवं होतं. किती लहान, विचारल्यावर तो म्हणाला, कॉलेजात आहे. बाई कोणावरही डाफरल्या नाहीत. एकेकाला उत्तर देत राहिल्या, आणि पेंटर मात्र दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत राहिला.

सगळ्यात शेवटी शिवणकामवाल्या मावशी पुढे आल्या. त्यांची मालाची व्हॅन रांगेत तिसरी होती. त्यांना मित्रबित्र काही नव्हता.

"बाई, तुम्ही 'नको' सगळीकडे लिहिता," त्या म्हणाल्या. "लावायची कुठे, ते कोणी कधी लिहिलंय का?"

बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या की पाण्याच्या टाकीमागे मोकळी जागा आहे, तिथे परवानगी होऊन वर्ष झालं. हे गल्लीत कोणाच्या गावीही नव्हतं. कलमकाकांना कलम माहीत होतं, जागा माहीत नव्हती.

पेंटरला मात्र आता कोणी काही सांगायची गरज नव्हती. त्याने एका मोटारीवरून हात लांबवून स्कूटरवरचा डबा आणि ब्रश काढून घेतला आणि गल्लीच्या तोंडाशी, हात पुरेल एवढ्या उंचीवर, भिंतीवर मोठा थोरला बाण काढला. 'वाहनतळ टाकीमागे.' बाईंनी जाहीर केलं की बोर्डाची शेवटची ओळ आता लिहिली जाईल, आणि ती पूर्ण होईल तेव्हा खाली जे वाहन असेल त्याची पावती फाटेल. मावशींनी सर्वांत आधी व्हॅन काढली. त्यांच्यामागे एकेक करत उरलेली दहाही वाहनं बाणाच्या दिशेने गेली. कलमकाकांच्या जावयाची मोटारही गेली, आणि काकांनी खिडकीतून त्याला हातवारे करून वळणसुद्धा घेऊन दिलं.

चारला दहा मिनिटं असताना पेंटर सीटवर चढला. 'वाहतूक पोलिसांच्या' इथवर हात मस्त चालला. मग त्याचं लक्ष खाली गेलं. सगळ्या गल्लीत आता एकच वाहन उभं होतं आणि तो त्याच्यावर उभा होता.

"मॅडम," तो वरूनच म्हणाला, "ही माझी..."

"दिसतेय मला," बाई म्हणाल्या. "नियम सगळ्यांना सांगितलाय, पेंटर."

मावशी कापड बेतायचं टेबल आणायला धावल्या, पण ते दारात अडकलं. कलमकाकांनी वरून सल्ला दिला की 'आदेशा'पर्यंत लिहून थांबा, मग कोर्टात बघता येईल. पेंटरने ब्रशकडे पाहिलं. अर्धवट लिहिलेला बोर्ड त्याने आयुष्यात मागे सोडला नव्हता. आजचं काम तर पदरात पडलं तर पडलं, नाही तर शेवटचंच होतं. त्याने श्वास रोखून 'आदेशावरून' पुरं केलं, अगदी न फुगलेलं, आणि खाली उतरून पावतीसाठी हात पुढे केला.

बाई पावती फाडत असतानाच साहेब आले. त्यांनी रिकामी झालेली गल्ली पाहिली, स्कूटर पाहिली, पावती पाहिली.

"यांना बोर्ड वाचता आला नाही का?" त्यांनी विचारलं.

"त्यांनीच लिहिलाय, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेब रस्त्यापलीकडे गेले, चष्मा काढला आणि तिथून बोर्ड वाचू लागले. पेंटर त्यांच्या ओठांकडे बघत होता. एकही अक्षर अडखळलं नाही. मग ते बाणापाशी जाऊन बराच वेळ थांबले.

"छापील बोर्डांखाली मी दोन-दोन रांगा बघतो," ते परत येऊन म्हणाले. "इथे लिहिणारासुद्धा सुटला नाही. उरलेल्या गल्ल्यांतही असे बाण काढा. जागा कुठे आहेत ते बाई दाखवतील. आणि पेंटर, शिडी घ्या."

पेंटरचा आनंद पोटात मावेना. त्याने पावतीची नीट घडी करून ती ज्या वहीत तो आपल्या कामांचे फोटो चिकटवायचा तिच्यात ठेवली आणि तिथूनच स्कूटर थेट मेहुण्याच्या घराकडे वळवली. दारात गाडी लावणार तोच फाटकाशेजारचा जुना, विटका बोर्ड त्याला दिसला. 'येथे वाहने उभी करू नयेत.' मात्रा त्याच्याच होत्या. वीस वर्षांपूर्वीच्या. त्याने मुकाट्याने स्कूटर वळवली, दोन गल्ल्या पलीकडे लावली आणि तो चालत आला.

मेहुण्याने दार उघडलं, पाहुण्याकडे बघितलं आणि काही न बोलता शिडीवरचे कपडे काढायला घेतले. शिडी खाली आणल्यावर मात्र त्याला राहवलं नाही.

"भावजी, गाडी कुठाय?"

"दोन गल्ल्या पलीकडे. इथे बोर्ड आहे ना."

"तो होय? तो कोण पाळतंय?"

"लिहिणारा पाळतो," पेंटर म्हणाला. "आजपासून."

मेहुण्याने बोर्डाकडे पाहिलं, मग फाटकाला खेटून लावलेल्या स्वतःच्या मोटरसायकलकडे पाहिलं. "थांबा जरा, ही काढतो," तो म्हणाला. ती दूर लावून तो परत आला आणि त्याने शिडीचं दुसरं टोक उचललं.