भागाक्काचे दोन आणि नरहरपंतांचे तेरा

श्रावण वद्य तृतीया. सकाळी धुके, दुपारपर्यंत तीन सरी, मग उघडीप. वारा नाही.

बाळांनो, अशा हवेत कुजक्या लाकडावर अळंबी फुटते. एका जंगलातही ती फुटली. आंब्यावर, ऐनावर, उंबरावर, सावरीवर, मिळून तेरा प्रकारची.

त्या जंगलात एक रीत होती. जो म्हणेल ‘ही खाण्याची आहे’, त्याने पहिला घास घ्यायचा. बाकीच्यांनी दोन दिवस थांबायचे आणि तो हिंडताफिरताना दिसला तर खायचे. त्यामुळे अळंबी ओळखणारे फार नव्हते. एकच होती, भागाक्का साळिंदरीण.

भागाक्का आधी झाड पाही. मग अळंबी उलटी करून खालची बाजू पाही, देठ मोडून वास घेई. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच करी. एवढे करून ती दोनच प्रकार तोडी. उंबराच्या पडक्या खोडावरची पांढरी, शिंपल्यासारखी. आणि सावरीवरची तपकिरी, कानासारखी. कोवळी असेल ती झाडावरच ठेवी. उरलेल्या अकरांविषयी विचारले की म्हणे, “माहीत नाही.”

हे उत्तर जंगलाला फार लागे. इतकी वर्षे ओळखते आणि अजून माहीत नाही म्हणजे काय, असे रानडुकरे उघड बोलत. सांबर म्हणे, बाईला आपले सुख बघवत नाही.

तेवढ्यात नरहरपंत वानर पुढे आले. डोंगराखालच्या बंगल्यातून त्यांनी अळंबीचे एक पुस्तक आणले होते. त्यात चित्रांची पाने वेगळी आणि मजकुराची वेगळी होती. पंतांनी चित्रांची पाने जपून ठेवली होती. मजकुराच्या पानांना शोभा नव्हती, म्हणून ती फाडून टाकली होती. तेराही अळंब्या चित्रांशी जुळल्या. पुस्तकात आहे म्हणजे खाण्याचीच, असा पंतांनी निर्वाळा दिला.

मग सभा भरली. ओळखणाऱ्यालाच आधी खायला लावणे हा विद्वानाचा अपमान आहे, असे सर्वांना एकदम पटले. रीत मोडण्यात आली. दुसऱ्याच दिवशी पंगत ठरली.

पंगतीच्या सकाळी भागाक्काचा नवरा रखमाजी मिशा साफ करत होता. बायकोच्या ‘माहीत नाही’पायी त्याला चारचौघांत मान वर करता येत नसे.

“अहो, जाऊ नका,” भागाक्का म्हणाली.

“का? विषारी आहेत?”

“माहीत नाही.”

“विषारी आहेत असं तरी म्हण.”

“माहीत नाही ते कसं म्हणू?”

“चाळीस वर्षं दोन भाज्यांवर काढली मी,” रखमाजी म्हणाला. “तुझं माहीत होईपर्यंत माझे दात पडतील.”

तो गेला आणि पहिल्या ओळीत बसला. भागाक्का त्याच्या मागे गेली. तेराही भाज्या वाढून झाल्या, तेव्हा ती पंतांसमोर उभी राहिली.

“पंत, रीत मोडली ते ठीक. पण तुम्ही एक घास घेतलात, तर मी माझ्या माणसाला इथं सुखानं बसू देईन.”

पंतांनी पोटावरून हात फिरवला. “घेतला असता, भागाक्का. पण आज माझा उपास.”

कसला उपास, ते कोणी विचारले नाही. उलट, उपाशीपोटी दुसऱ्यांना वाढण्याचे हे मोठेपण पाहून सांबराचे डोळे भरून आले. भागाक्काने रखमाजीचे पान ओढले. त्याने ते दोन्ही पंजांनी दाबून धरले, सगळ्यांदेखत पुसून खाल्ले आणि शेजाऱ्याकडे पाहत आणखी वाढायला सांगितले.

तिसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली. अध्यक्ष नरहरपंत होते. समितीने चित्रे पुन्हा पाहिली आणि ती जुळतात अशी नोंद केली. म्हणजे ओळख बरोबर होती. खाणाऱ्यांनी खाताना मनात शंका ठेवली म्हणून अळंबी बाधली, आणि ती शंका भागाक्काने घातली होती, असे ठरले. तिला विचारले की रखमाजीने नेमकी कोणती अळंबी खाऊन प्राण सोडला. ती म्हणाली, “तेराही खाल्ल्या होत्या. कोणती ते माहीत नाही.” हे उत्तर कबुलीजबाब म्हणून लिहून घेण्यात आले.

पंगतीला एकेचाळीस जण बसले होते. चौदा मेले. भागाक्काला अळंबी ओळखण्याची कायमची बंदी झाली. नरहरपंतांची फेरनिवड झाली. बाजूने अठ्ठावीस, विरुद्ध एक.

तात्पर्य : बाळांनो, ‘माहीत नाही’ असे कधी म्हणू नये. तसे म्हणणारा जिवंत राहतो, आणि दोष देण्यासाठी जिवंत माणूसच लागतो.